हृदयाचे कवच आणि त्यात साचणारा पू

शरीरातील जी इंद्रिये विशेष मोलाची, त्यांच्या रक्षणाची निसर्गाने विशेष तजवीज केलेली आहे. मेंदूस कवटीची पेटी मिळाली, डोळ्यांस हाडांची खोबण मिळाली आणि फुफ्फुसांस बरगड्यांचा पिंजरा मिळाला. हृदयाचे रक्षण मात्र दुहेरी आहे. ते बरगड्यांच्या पिंजऱ्यात तर असतेच. शिवाय त्याच्याभोवती स्वतःची अशी एक चिवट पिशवी असते. या पिशवीस आपण हृदयावरण म्हणू. पाश्चात्त्य वैद्यकात तिला ‘पेरिकार्डियम’ म्हणतात आणि या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही ‘हृदयाभोवतालचे’ असाच आहे. एरवी ही पिशवी हृदयाची इमानी राखणदार असते. परंतु तिच्यात रोगजंतूंचा शिरकाव होऊन पू साचू लागला, म्हणजे हीच राखणदार हृदयाचा गळा आवळू लागते. असे का व्हावे, ते वेळीच ओळखावे कसे आणि त्यावर इलाज कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम या पिशवीची रचना पाहू. अर्धवट फुगविलेल्या फुग्यात आपली मूठ हळूच खुपसली, तर फुग्याचा एक पापुद्रा मुठीला चिकटून बसतो, दुसरा बाहेर राहतो आणि दोहोंमध्ये थोडी पोकळी उरते. हृदय आणि त्याचे आतले आवरण यांचा संबंध जवळजवळ असाच आहे. एक पातळ पापुद्रा हृदयाच्या पृष्ठभागास चिकटलेला असतो. दुसरा त्याच्यासमोर असतो आणि त्याच्याही बाहेर चिवट तंतूंचा एक जाड थर असतो. आतील दोन पापुद्र्यांमधील फटीत निरोगी माणसात साधारणतः 15 ते 50 मिलिलिटर, म्हणजे तीन ते दहा चमचे, स्वच्छ पाण्यासारखा द्रव असतो. हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. गाडीच्या आसाला वंगण नसेल तर चाक कुरकुरते आणि आस झिजतो, हे शेतकऱ्याच्या मुलास सांगावयास नको. हृदयाच्या या अखंड हालचालीत घर्षण होऊ नये म्हणून निसर्गाने घातलेले वंगण म्हणजे हा द्रव होय.

या पिशवीचा एक गुणधर्म नीट ध्यानात ठेवला पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचन त्यावरच अवलंबून आहे. ती रबरासारखी झटकन ताणली जात नाही. कातड्याच्या कोऱ्या पखालीत एकदम फार पाणी भरू गेल्यास ती ताठर बनते. तीच पखाल हळूहळू वापरात आली म्हणजे सैलावते आणि अधिक पाणी घेते. हृदयावरणाचेही तसेच आहे. त्यात कित्येक आठवडे थोडाथोडा द्रव साचत गेला, तर एक लिटर किंवा त्याहून अधिक द्रवही ते सामावून घेते. पण तोच द्रव काही तासांत किंवा एकदोन दिवसांत भरला, तर अवघा दीडदोनशे मिलिलिटर, म्हणजे एका पेल्याएवढा द्रवदेखील प्राणांतिक ठरू शकतो. येथे द्रव किती साचला यापेक्षा तो किती वेगाने साचला, यालाच अधिक महत्त्व आहे.

एवढ्याशा द्रवाने प्राणावर का बेतावे? आपल्या आजोबा-पणजोबांनी विहिरीवर मोट चालविलेली आहे. मोट पाण्यात बुडून पूर्ण भरली, तरच बैलांनी ओढल्याचा उपयोग. ती भरलीच नाही, तर बैल कितीही जोराचे असोत, थारोळ्यात पाणी पडावयाचे नाही. हृदयाचे कामही दोन टप्प्यांचे आहे: आधी सैल होऊन रक्ताने भरणे आणि मग आवळून ते रक्त शरीरभर फेकणे. भोवतालच्या पिशवीत पू दाटला, की हृदयास फुलावयास जागाच राहत नाही. ते भरत नाही, म्हणून फेकू शकत नाही. रक्ताचा दाब उतरतो, नाडी जलद व क्षीण होते आणि हृदयाकडे परतणारे रक्त वाटेतच तुंबून गळ्याच्या शिरा फुगतात. हृदयाचा स्नायू बळकट असूनही माणूस मरणाच्या दारी जातो तो असा. रिचर्ड लोअर या इंग्रज वैद्याने 1669 साली आपल्या हृदयविषयक ग्रंथात ही गोष्ट स्पष्ट करून सांगितली होती.

आता हे जंतू तेथवर पोहोचतात कसे, ते पाहू. त्यांच्या वाटा अनेक आहेत. पहिली वाट शेजारून येते. फुफ्फुसे हृदयास अगदी बिलगून असतात. तेव्हा न्यूमोनिया झाला किंवा फुफ्फुसाच्या आवरणात पू झाला, तर तेथील जंतू हृदयावरणात उतरू शकतात. दुसरी वाट रक्ताची. कातडीवरील गळू, हाडातील पू किंवा चिघळलेली जखम यांतून जंतू रक्तात शिरतात आणि प्रवाहाबरोबर येऊन या पिशवीत ठाण मांडतात. तिसरी वाट बाहेरून, म्हणजे छातीच्या जखमेतून अथवा शस्त्रक्रियेनंतर. स्टॅफिलोकोकस, न्यूमोकोकस आणि स्ट्रेप्टोकोकस ही या जंतूंतील प्रमुख नावे होत. प्रतिजैविक औषधे निघण्यापूर्वी हा रोग बहुधा न्यूमोनियाच्या पाठोपाठ येई. आता तो पुष्कळ विरळ झाला आहे. परंतु विरळ असला तरी अत्यंत उग्र आहे. उपचार न मिळाल्यास त्याचा शेवट जवळजवळ नेहमीच मृत्यूत होतो आणि उपचार मिळूनही सर्वच रोगी वाचतात असे नाही.

या व्याधीची एक फार जुनी हकीकत वैद्यकाच्या इतिहासात नमूद आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोमन साम्राज्यात गॅलेन नावाचा विख्यात वैद्य होऊन गेला. मारिलस नावाच्या नाटककाराच्या पदरी एक गुलाम मुलगा होता. आखाड्यात कुस्ती खेळताना या मुलाच्या छातीच्या मधल्या हाडास मार लागला. प्रथम त्याकडे दुर्लक्ष झाले, नंतर झालेले उपचारही नीट झाले नाहीत. सुमारे चार महिन्यांनी तेथे पू दिसू लागला. वैद्याने चीर देऊन तो काढला. जखम लवकर भरूनही आली. पण ती वरवर भरली होती. पुन्हा सूज आली, पुन्हा चीर द्यावी लागली आणि या खेपेस जखम काही केल्या भरेना. अनेक वैद्य जमले. हाड कुजले आहे हे सर्वांस दिसत होते, परंतु त्याखाली हृदय उडत असलेले दिसे, म्हणून हाडास हात लावण्यास कोणी धजेना. गॅलेनने कुजलेले हाड कापून काढण्याचे पत्करले. मात्र मुलगा बरा होईलच, असे वचन त्याने दिले नाही. हाड काढताच त्याखालील हृदयावरणही त्या जागी नासलेले आढळले आणि उघडे हृदय डोळ्यांना दिसू लागले. त्या क्षणी गॅलेनलाही फारशी आशा वाटली नाही. तथापि तो मुलगा थोड्याच अवधीत पूर्ण बरा झाला. ना गुंगीचे औषध, ना जंतूंचे ज्ञान; अशा काळातील ही गोष्ट आहे. नासलेला भाग आणि पू यांना बाहेर वाट मिळाली म्हणून तो मुलगा वाचला, असेच म्हणावे लागेल.

आपल्याकडील प्राचीन वैद्यांनाही आतल्या गळवांची चांगली जाण होती. सुश्रुतसंहितेत गळवास ‘विद्रधी’ म्हटले असून शरीराच्या आत होणाऱ्या अंतर्विद्रधींच्या स्थानांत यकृत, प्लीहा यांच्याबरोबर हृदयाचाही उल्लेख आहे. वरून काही दिसत नसता आत पू होऊ शकतो, हा विचार आपल्या परंपरेस नवा नाही.

वरून दिसत नाही, मग ओळखावयाचे कसे? रोग्यास बहुधा थंडी वाजून मोठा ताप येतो, छातीत दुखते आणि धाप लागते. या दुखण्याचा एक विशेष असा की, उताणे निजल्यास ते वाढते आणि उठून पुढे वाकून बसल्यास कमी होते. त्यामुळे असा रोगी रात्री अंथरुणावर पाठ टेकू शकत नाही. परंतु हे लक्षण प्रत्येकात असेलच असे नाही. लहान मुलांना छातीतील दुखणे सांगता येत नाही. पुष्कळदा केवळ ताप, जलद श्वास आणि मलूलपणा एवढेच दिसते. म्हणून दुखत नाही, तेव्हा चिंता नाही, असा निष्कर्ष कोणी काढू नये.

डॉक्टर स्टेथोस्कोप लावतात तेव्हा रोगाच्या आरंभी त्यांना कधीकधी एक चमत्कारिक आवाज ऐकू येतो. कोऱ्या करकरीत वहाणा घालून कोणी चालावे तशी ती करकर असते. सुजलेले दोन पापुद्रे एकमेकांवर घासल्याने ती उमटते. पुढे पू वाढून पापुद्रे दूर सरले, की करकर थांबते आणि हृदयाचे ठोकेही भिंतीआडून आल्यासारखे मंद ऐकू येतात. अशा वेळी आवाज थांबला म्हणजे आराम पडला, असा अर्थ अजाण माणूस करील. जाणता वैद्य मात्र अधिक सावध होतो. मंदावलेले ठोके, उतरलेला रक्तदाब आणि गळ्याच्या फुगलेल्या शिरा या तीन खुणांची जोडणी क्लॉड बेक या अमेरिकन शल्यवैद्याने 1935 साली दाखवून दिली. त्यापूर्वी 1873 मध्ये जर्मन वैद्य कुसमाउल याने दुसरी एक खूण वर्णन केली होती. अशा रोग्याने श्वास आत घेतला, की मनगटावरील नाडी मंदावते किंवा लुप्तच होते आणि श्वास सोडताच पुन्हा हाती लागते.

क्ष-किरणांच्या चित्रात मोठ्या प्रमाणावर भरलेले हृदयावरण खाली फुगीर व वर निमुळते, एखाद्या सुरईसारखे दिसते. परंतु आज खरा भरवसा आहे तो ध्वनिलहरींच्या तपासणीवर. स्वीडनमधील लुंड येथे एडलर व हर्ट्झ यांनी 1953 साली कानास ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी हृदयाची हालचाल टिपली; 1965 साली फाइगेनबाउम या अमेरिकन डॉक्टरांनी हृदयाभोवतीचा द्रव त्याच युक्तीने ओळखता येतो हे दाखविले. आज ‘इको’ या नावाने ती तपासणी सर्वांच्या परिचयाची झाली आहे. ती दुखत नाही, तिच्यासाठी सुई टोचावी लागत नाही, आणि द्रव किती आहे व हृदयावर दाब पडतो आहे की नाही, हे थोडक्या वेळात कळते.

आता उपचार. येथे एक शंका साहजिक येते: जंतूंना मारणारी इतकी औषधे असताना नुसती औषधे देऊन का भागू नये? त्यास कारणे दोन. पहिले असे की, औषध रक्तातून जाते; दाट पुवाच्या साठ्यात ते पुरेशा प्रभावाने काम करू शकत नाही. दुसरे असे की, उद्या सर्व जंतू मेले तरी आज पिशवीतला दाब हृदयास गुदमरवीत असतो. म्हणून पुवाला बाहेर वाट करून देणे आणि जंतूंवर औषध चालविणे ही दोन्ही कामे बरोबरच करावी लागतात. फ्रांत्स शूह या डॉक्टरांनी 1840 साली व्हिएन्ना येथे सुईने हृदयावरणातील द्रव काढला. आज ध्वनिलहरींच्या पडद्यावर पाहत पाहत सुई नेमकी द्रवात नेतात आणि बारीक नळी ठेवून देतात. पू फार दाट असल्यास छातीच्या हाडाखाली लहानशी चीर देऊन पिशवीस खिडकीसारखे तोंड करतात. निघालेला पू प्रयोगशाळेत पाठवून त्यात कोणता जंतू आहे आणि तो कोणत्या औषधाने मरतो, हे ठरवितात. त्यानंतर औषध कित्येक आठवडे चालू ठेवावे लागते.

औषध मध्येच थांबविल्यास काय होते, याचे एक दुःखद उदाहरण प्रतिजैविकांच्या जन्मकाळातच घडून गेले आहे. पेनिसिलिनचा शोध फ्लेमिंग यांनी 1928 साली लावला. 1941 च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्ड येथे फ्लोरी व चेन यांच्या सहकाऱ्यांनी ते एका पोलीस शिपायास दिले. जंतूंच्या बाधेने त्याचा चेहरा व फुफ्फुसे ग्रासली होती. औषध सुरू होताच ताप उतरला, भूक परत आली आणि तो बरा होणार असे सर्वांस वाटू लागले. परंतु औषधाचा साठा इतका अपुरा की, त्याच्या लघवीतून बाहेर पडलेले पेनिसिलिनदेखील शोधून काढून त्यास पुन्हा देण्यात येत होते. काही दिवसांत तेही संपले. जंतूंनी पुन्हा उचल खाल्ली आणि मार्च महिन्यात तो शिपाई मरण पावला. औषध गुणकारी होते. ते पुरले नाही, एवढेच.

पुढे आपल्या देशात हे औषध तयार व्हावे म्हणून पुण्याजवळ पिंपरी येथे 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे त्यास साहाय्य होते. 1955 मध्ये तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले आणि पिंपरी हे नाव घरोघरी पोहोचले. ऑक्सफर्डच्या त्या शिपायास जे मिळेनासे झाले, ते आज तालुक्याच्या दुकानांतही विपुल आहे. परंतु विपुलतेचाही एक दोष असतो. ज्याने त्याने वाटेल ते प्रतिजैविक दोन दिवस घ्यावे आणि ताप उतरला की सोडून द्यावे, अशी रीत पडल्याने पुष्कळ जंतू औषधांस दाद देईनासे झाले आहेत. स्टॅफिलोकोकसच्या बहुतेक जातींवर साधे पेनिसिलिन आता चालत नाही. त्या शिपायास औषध नव्हते म्हणून अर्धवट राहिले; आपण ते असून अर्धवट टाकावे, हे शहाणपणाचे नव्हे.

याच पिशवीस होणाऱ्या क्षयाचा विचार केल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. कारण आपल्या देशात तो अधिक आढळतो. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 रोजी ज्या क्षयजंतूचा शोध जाहीर केला, तो केवळ फुफ्फुसातच राहतो असे नाही. हृदयावरणात तो शिरला, म्हणजे येथे सारे सावकाश घडते: बारीक ताप, रात्रीचा घाम, वजनातील घट, मग धाप आणि पायांवर सूज. पिशवी हळूहळू ताणली जाते, म्हणून द्रव पुष्कळ साचेपर्यंत रोगी हिंडता-फिरता असतो. यातील दुसरा धोका पुढे येतो. द्रव आटला तरी आवरण जाड व ताठर होते, कधी त्यावर चुन्याचा थर चढतो आणि हृदय जणू गिलाव्यात चिणले जाते. मग शस्त्रक्रियेने ते आवरण सोलून काढावे लागते. ही शस्त्रक्रिया रेन आणि झाउरब्रुख या जर्मन शल्यवैद्यांनी 1913 च्या सुमारास प्रचारात आणली. वेळीच क्षय ओळखून निदान सहा महिन्यांचा औषधोपचार पुरा केल्यास बहुतेकांवरील हा प्रसंग टळतो. सरकारी आरोग्यकेंद्रांत क्षयाची तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. उपचार चालू असता सकस आहारासाठी दरमहा दिली जाणारी मदतही नोव्हेंबर 2024 पासून पाचशे रुपयांवरून एक हजार रुपये झाली आहे.

हे सर्व वाचून कोणी म्हणेल, या मोठ्या रुग्णालयांतल्या गोष्टी. बाजारहत्नूरच्या शाळेतील मुलाने त्यात काय करावयाचे? करण्यासारखे बरेच आहे. गळू आले असता ते पिळू नये, त्यावर वाटेल तो पाला वा शेण लावू नये. ते स्वच्छ ठेवावे आणि ताप येताच दाखवावे. खेळताना छातीस लागले आणि काही दिवसांनी तेथे सूज किंवा ताप आला, तर मारिलसच्या गुलामाची गोष्ट आठवावी व ती गोष्ट घरी लपवू नये. धाकट्या भावंडांच्या लसी चुकू देऊ नयेत. न्यूमोनियास कारण होणाऱ्या हिब जंतूंवरील लस पंचगुणी लसीत मिळते आणि न्यूमोकोकसवरील लस 2021 पासून देशभर सरकारी लसीकरणात दिली जाते. ताप, धाप आणि उताणे निजवत नाही अशी स्थिती एकत्र दिसली, तर रात्र उलटण्याची वाट पाहू नये. 108 क्रमांकावर गाडी बोलवावी आणि रोग्यास आदिलाबादला न्यावे. तेथे 2008 साली सुरू झालेली राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्था, म्हणजे सर्वांच्या तोंडचे ‘रिम्स’, आहे.

आणखी एक काम असे की, ते आपल्या शाळेतील विद्यार्थ्यांइतके चांगले दुसऱ्या कोणास साधणार नाही. आपल्या भागात मराठी, तेलुगू आणि गोंडी या भाषा शेजारी शेजारी नांदतात. घरातील वडील मंडळींस पुष्कळदा मराठीच सहजतेने बोलता येते आणि रुग्णालयात डॉक्टर वा परिचारिका तेलुगू बोलतात. अशा वेळी आजी नुसते ‘जिवाला बरे नाही’ म्हणते आणि महत्त्वाची गोष्ट मनातच राहते. तेलुगूत छातीच्या दुखण्यास ‘गुंडे नोप्पि’, तापास ‘ज्वरम्’ आणि धापेस ‘आयासम्’ म्हणतात. यांतील शेवटचे दोन शब्द तर आपल्याही ओळखीचे आहेत. ताप कधीपासून, दुखणे निजल्यावर वाढते की बसल्यावर, आधी गळू वा खोकला झाला होता काय, कोणते औषध किती दिवस घेऊन सोडले, या चार प्रश्नांची उत्तरे जो मुलगा किंवा मुलगी डॉक्टरांना त्यांच्या भाषेत नीट सांगेल, त्याने निदानाचा अर्धा रस्ता तोडून दिला असे समजावे. जेथे द्रवाच्या प्रमाणापेक्षा त्याच्या वेगास महत्त्व आहे, तेथे अशा रीतीने वाचविलेला एक तासही थोडका नव्हे.

सारांश, हृदयावरण ही चांगली राखणदार आहे. पण तिच्या हाती दार उघडण्याची किल्ली नाही. आत शत्रू शिरला तर दार बाहेरूनच उघडावे लागते. ते उघडण्याची विद्या माणसाने अनेक शतकांच्या खटपटीने मिळविली आहे. तिचा लाभ व्हावयाचा, तर रोग्यास दारापर्यंत वेळेवर पोहोचविणारे कोणीतरी घरात जागे असले पाहिजे.